आवड आईला विचारावी की मुलाला?

खानापूरचे एक पालक: विशेष मुलांसाठी प्रबलक, म्हणजे ज्याच्या बक्षिसाने मूल एखादे काम अधिक करू लागते ती गोष्ट, शोधण्यासाठी वस्तू मांडून चाचण्या घेणे हा वेळेचा अपव्यय आहे. माझ्या मुलाला कुंदा ही बेळगावी मिठाई आवडते, हे मी पहिल्याच दिवशी सांगितले होते.

विशेष शिक्षिका, बेळगाव: दादा, हे वाचून राहवले नाही. पालकांची यादी आम्ही घेतोच, पण ती केवळ सुरुवात असते. एका आईने खेळण्यातली मोटार सांगितली होती. जोड्या मांडल्यावर तिच्या मुलाने दरवेळी स्टीलच्या डब्याचे झाकणच उचलले. वस्तू एकेक दाखवली तर मूल बहुतेक सगळ्यांकडेच हात करते, दोन-दोन ठेवल्यास आवडीतला फरक उमगतो, हे संशोधक फिशर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवले. वेळेबद्दल आपले म्हणणे मान्य आहे, कारण आठ वस्तूंच्या २८ जोड्या होतात. म्हणूनच मी डिलियॉन आणि इवाटा यांची १९९६ ची पद्धत वापरते: सगळ्या वस्तू एकदम मांडायच्या, निवडलेली बाजूला काढायची आणि उरलेल्यांतून पुन्हा निवडू द्यायची.

निपाणीची एक आई: ताई, वस्तू काढून घेतली की माझी मुलगी डोके आपटून घेत असे. पाच मिनिटे सगळे तिच्यापुढे मोकळे ठेवून ती कशात रमते एवढेच पाहिले, तेव्हा ते थांबले. शिवाय आमच्या घरी मराठी आणि केंद्रात कन्नड. तिथल्या ‘भेष’ला, म्हणजे कन्नडमधल्या शाब्बासकीला, ती मानही वळवत नाही, मी ‘शाब्बास’ म्हटले की हसते. हे कोणत्या चाचणीत दिसते?

चिकोडीचे निवृत्त शिक्षक: प्रत्येक चर्चेत भाषेचा वाद आणायलाच हवा का? मूल आवाजातला जिव्हाळा ओळखते, भाषा नव्हे.

निपाणीची आई: सर, हा सीमावाद नाही, माझ्या मुलीचा प्रश्न आहे. ज्या शब्दांना तिच्या लेखी अर्थच नाही, त्यांना बक्षीस मानून तिची दोन वर्षे घालवली गेली, याचा मला संताप येतो.

विशेष शिक्षिका: आपला संताप रास्त आहे, आणि सर, आपले म्हणणेही तपासून पाहता येते. आवडती वस्तू प्रबलक असतेच असे नाही. एकच काम द्यावे, काही दिवस ‘भेष’ म्हणावे, काही दिवस त्याच सुरात ‘शाब्बास’, आणि कशाने काम वाढते ते मोजावे.

खानापूरचे पालक: मोजायला माझी हरकत नाही. जेवणानंतर कुंदा दाखवला तर मुलगा तोंड फिरवतो, एवढे मला मान्य करावे लागेल. पण यादीची सुरुवात आमच्यापासूनच व्हावी.