टायरच्या आधी टर्बोचा पाइप बघा

मोठे टायर टाकलेली डिझेल गाडी घाटात दम तोडत असंल तर "मोठे टायर काढा, पिकअप (गाडीची ओढ) येईल" असं सांगतात, ते अर्धंच खरंय. २३५/७५ आर १५ मापाच्या टायरच्या जागी ३१ इंची टायर टाकला की उंची ७ टक्क्यांच्या आसपास वाढते अन् तेवढी गाडी जड ओढते (मीटरवर ६० दिसताना खरा स्पीड ६४ असतो, हे पण ध्यानात ठेवा), पण तेवढ्यानं मांजरसुंब्याच्या घाटात एकदम दम तुटत नाही. आमच्या जुन्या डिझेल पिकअप गाडीचा टर्बोकडून (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) इंटरकूलरकडं (ती तापलेली हवा थंड करणारी जाळी) जाणारा रबरी पाइप क्लिपखाली चिरला होता, उभ्या गाडीत रेस केली तर काहीच कळायचं नाही, लोडवर मात्र फुस्स आवाज अन् मागून काळा धूर. सांध्यावर तेलकट ओल अन् त्यावर चिकटलेली धूळ दिसते का बघा. आरपीएम चढतो पण गाडी पळत नाही असं असंल तर मग क्लचच गेलाय.