बटाटा हर्रा: तुमचा जमतो, की माझ्यासारखी भाजी होते?

गेल्या सहा महिन्यांत मी बटाटा हर्रा हा लेबनीज पदार्थ नऊ वेळा केलाय आणि नऊही वेळा त्याची भाजी झाली. वाईट नाही झाली, पोळीबरोबर चाटूनपुसून संपली. सासूबाईंनी तर ‘परवाच्या त्या लसणाच्या काचऱ्या पुन्हा कर गं’ अशी फर्माईशही केली. दुखणं तेच आहे. मला काचऱ्या करायच्या नव्हत्या.

आम्ही शारजाला होतो तेव्हा शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची, त्यामुळे गुरुवारची रात्र बाहेर जेवायची. लेबनीज हॉटेलात मेझ्झे मागवलं, की टेबलभर छोट्या ताटल्या यायच्या. हमस, मुतब्बल, फत्तूश, आणि त्यांच्यात एक ताटली बटाट्याची. बोराएवढ्या चौकोनी फोडी, कडा तपकिरी, वर लसणाचे सोनेरी कण, हिरवीगार कोथिंबीर, लाल मिरचीचे पापुद्रे आणि तळाशी लिंबू-तेलाचं चमचाभर पाणी. ‘हर्रा’ म्हणजे अरबीत तिखट. आपल्या जिभेला ते फार तर पोरांच्या डब्यातलं तिखट, पण लसूण-लिंबाचा झटका कानापर्यंत जायचा. फोड चावली की आवाज यायचा, हे मुख्य.

ठाण्यात आल्यावर मी करते ते असं: अर्धा किलो बटाटे, आठ-दहा पाकळ्या लसूण, वाटीभर चिरलेली कोथिंबीर, दीड चमचा कुटलेली मिरची, अर्धं लिंबू, तीन चमचे ऑलिव्ह तेल. तेलात लसूण-मिरची, त्यावर बटाटे, झाकण, शेवटी लिंबू-कोथिंबीर. कुठे चुकतंय?

ज्यांनी घरी केलाय त्यांनी अनुभव लिहा. बिघडलेले आधी.

मस्कतवासी

बिघडलेले आधी म्हणालात म्हणून पुढे आलो.

पहिल्या वर्षी एकटाच होतो. भाजीच्या दुकानात कोथिंबिरीच्या दोन जुड्या शेजारी शेजारी, एक ताजी दिसली ती उचलली. घरी येऊन बटाटे तळले, लसूण परतला, वर मूठभर हिरवं टाकलं. वास येईना. खाल्लं तर गवत. ती निघाली बकदूनिस, म्हणजे पार्सली. कोथिंबीर हवी तर ‘कुजबरा’ म्हणायचं. तेव्हापासून दुकानात उभ्या उभ्या एक पान चुरगळून नाकाला लावल्याशिवाय जुडी घेत नाही.

दुसरा किस्सा बटाट्याचाच. इजिप्तच्या रूममेटला म्हटलं, येताना दोन किलो ‘बटाटा’ आण. गडी दोन किलो रताळी घेऊन हजर! त्यांच्याकडे बटाटा म्हणजे रताळं, आणि आपल्या बटाट्याला ते बटाटिस म्हणतात. लेबनॉनवाल्यांचा आणि आपला शब्द मात्र एकच. त्या रात्री रताळ्याचा हर्रा केला. लिंबू जास्त पिळलं तर चालतो.

गावठी लसूण

ताई, लसूण आधी का घालताय? बटाटा शिजायला पंधरा मिनिटं, लसूण जळायला पंधरा सेकंद. जळका लसूण एकदा कडू झाला, की वर अख्खं लिंबू पिळा, जात नाही. अनुभवाचे बोल, सांगलीहून.

मंचरकडचा

सगळे लसणावर घसरलेत, बटाट्याकडे कोणी बघेना. आमच्या घरात दोन पिढ्या बटाटा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

तुम्ही बाजारातून आणता तो बटाटा बऱ्याचदा शीतगृहातला असतो. खाण्याचा आणि बियाण्याचा माल साधारण २ ते ४ अंश सेल्सिअसला ठेवतात. एवढ्या थंडीत बटाट्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते. असा बटाटा तळला, की बाहेरून पाच मिनिटांत काळपट आणि आत कच्चा. माणूस म्हणतो गॅस मोठा होता. गॅसचा दोष नसतो. वेफर्सवाले त्यांचा माल १० ते १२ अंशांना ठेवतात तो याचसाठी. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं १९९८ साली कुफ्री चिप्सोना नावाचे वाण काढले तेही वेफर्ससाठीच, साखर कमी आणि पीठ जास्त.

आता गिऱ्हाईक काही वाण विचारून बटाटा घेत नाही. मग एवढं करा. आणलेल्यातल्या एका बटाट्याच्या दोन चकत्या आधी तळून बघा. पिवळ्या राहिल्या तर हर्रा करा, तांबूस-काळ्या झाल्या तर रस्सा करा. बटाटा घरी फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथंही तेच होतं. टोपलीत, अंधारात, कांद्यापासून लांब.

आणि फोडी चिरल्यावर दोन पाणी बदलून धुवा, मग फडक्यावर कोरड्या करा. ओल्या फोडी तेलात टाकून ‘चिकटल्या, चिकटल्या’ करत बसायचं, हे मी माझ्याच घरात रोज बघतो. (बायको हा धागा वाचत नाही.)

तांबडा-पांढरा

आम्ही कांदा-लसूण मसाला घालून केला. दोन चमचे. झक्कास लागला, भाऊ. ‘हर्रा’ म्हणजे तिखट ना? मग आता खरा तिखट झाला.

गावठी लसूण

झक्कास लागला असेल, वाद नाही. पण त्याला बटाटा हर्रा म्हणू नका. उद्या तांबड्या रश्श्यात कोणी ऑलिव्ह तेल ओतलं तर कोल्हापुरात चालेल का?

तांबडा-पांढरा

🙏 माघार.

डेट्रॉइटजवळची

आमच्याकडे गाडीच्या कंपन्यांमुळे मराठी घरं बरीच, आणि शेजारी डिअरबॉर्नला लेबनॉनहून आलेल्यांची वस्ती मोठी. तिथल्या एका आजींनी मला हे शिकवलं. मुलीच्या शाळेतल्या मैत्रिणीची आजी. त्यांना इंग्रजी बेताचं, मला अरबी शून्य, त्यामुळे सगळं हातांनी.

मी त्यांच्या ओट्याशी उभी राहिले आणि सवयीनं विचारलं, जिरं कधी? त्यांनी मान हलवली. हळद? पुन्हा मान. मी म्हटलं, निदान हिंग... पण हिंगाला काय म्हणतात ते दोघींनाही येईना, आणि तेच बरं झालं.

त्यांचं असं. फोडी साधारण पाऊण इंचाच्या, सगळ्या सारख्या. भरपूर तेलात दोनदा तळल्या. एकदा मध्यम आचेवर, नुसत्या शिजेपर्यंत, रंग न येता. काढून दहा मिनिटं पसरून ठेवल्या. तेवढ्यात कोथिंबीर निवडली, लसूण मीठ घालून लाकडी खलात कुटला. मग तेल चांगलं तापवून दुसऱ्यांदा, रंग येईपर्यंत. तळणीचं तेल साधंच होतं. ऑलिव्ह तेलाची बाटली त्यांनी इथपर्यंत उघडलीच नव्हती.

आता खरी गंमत. वेगळ्या छोट्या तव्यात तीन चमचे ऑलिव्ह तेल, मंद आच. त्यात कुटलेला लसूण. तो हलू लागला, कडेनं बारीक फुगे आले, वास सुटला, पण रंग पांढराच, एवढ्यात गॅस बंद! मग त्या गरम तेलात हलबी मिरची आणि अर्धी कोथिंबीर. कोथिंबीर चुरचुरली. या लसूण-कोथिंबिरीला त्या ‘तअलिये’ म्हणाल्या. मुलुखिया नावाच्या त्यांच्या पालेभाजीवरही असंच वरून घालतात. ते बघताना मला एकदम आईचं पिठलं आठवलं, वाढताना वरून लसणाची फोडणी घालायची ती. म्हणजे फोडणी यांनाही ठाऊक आहे, पण ती शेवटी.

परातीत गरम बटाटे, त्यावर तो तवा उपडा, उरलेली कच्ची कोथिंबीर, मीठ, आणि लिंबू अगदी टेबलावर नेताना. आधी पिळलं तर पाच मिनिटांत मऊ पडतात. झाकण तर नाहीच. मी वाफ कोंडायला ताट शोधत होते तर आजींनी माझ्या हातावर चापट मारली.

खायला बसल्यावर ‘सहतेन’ म्हणाल्या. शब्दशः दोन आरोग्यं, म्हणजे दुप्पट तब्येत. त्यावर ‘अला अल्बक’ म्हणायचं असतं, तुमच्या काळजावर, असं काहीसं. मी ‘थँक्यू’ म्हणून मोकळी झाले. अजून चुटपुट लागते.

हलबी मिरची म्हणजे सिरियातल्या हलबची, आपण अलेप्पो म्हणतो त्या शहराची. तेलकट, किंचित आंबूस, मवाळ. भारतात नाही मिळाली तर बेडगीच्या बिया काढून जाडसर कुटा आणि थेंबभर तेल चोळा. मी पुण्याला आले की तेच करते. लवंगी नको, बटाटा आणि लसूण दोन्ही गायब होतात.

पेठेतला एक

पुण्यात ‘लेबनीज’ म्हणून जे मिळतं त्यात बटाट्याखाली मेयोनीज, वर मेयोनीज आणि शेजारी वाटीत मेयोनीज. परवा एका ठिकाणी विचारलं, हे काय? तर म्हणे तूम आहे. तूम म्हणजे लसूण, तेल, लिंबू, मीठ घोटून केलेला पांढरा लोण्यासारखा प्रकार. त्यात अंडं नसतं आणि साखर तर अजिबात नसते. त्यांच्या वाटीत दोन्ही होतं. दोनशे चाळीस रुपये दिले आणि घरी येऊन भडंग खाल्लं.

चतुर्थीवाली

लसूण न घालता उपासाला चालेल का? कोथिंबीर, मिरची, लिंबू, बटाटा, सगळं उपासाचंच दिसतंय.

गावठी लसूण

चालेल की. त्याला उपासाची बटाट्याची भाजी म्हणतात.

एकच तवा

मी जर्मनीत शिकतोय. खोलीत दोन शेगड्या आणि एक तवा. तळणं शक्य नाही: पहिल्याच महिन्यात तळायला गेलो, धुराचा भोंगा वाजला आणि चार मजले रात्री अकरा वाजता रस्त्यावर उभे राहिले, त्यातले काही टॉवेलवर. आता तवाच.

इथे बटाट्याच्या पिशवीवर लिहिलेलंच असतं. ‘फेस्टकोखेंड’ म्हणजे शिजूनही घट्ट राहणारा, ‘मेलिखकोखेंड’ म्हणजे पिठूळ. पहिल्यांदा पिठूळ आणला, तव्यावर हलवता हलवता त्याचा लगदा झाला. वर लसूण-लिंबू घालून पावाला लावून खाल्ला, सांगायला हरकत नाही. घट्टवाला आणल्यावर फोडी उभ्या राहिल्या.

माझी पद्धत: फोडी मिठाच्या उकळत्या पाण्यात सहा मिनिटं, पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा. सोड्यानं वरचा थर सैल होतो. मग चाळणीत घालून जोरात हलवायच्या, कडा खरवडल्यासारख्या होतात. त्या खरबरीत कडाच तव्यावर कुरकुरीत होतात. चार चमचे तेल, फोडी एका थरात, आणि पहिली पाच मिनिटं हात लावायचा नाही. हे सगळ्यात अवघड. सोडा चिमटीपेक्षा जास्त झाला तर साबणाची चव येते, तेही करून झालंय.

मिरची इथल्या तुर्की दुकानात ‘पुल बिबर’ नावानं मिळते. पिशवी वर्षभर पुरेल असं वाटलं होतं, तीन महिन्यांत संपली, कारण ती पोह्यांवर छान लागते.

ओव्हनवाली

तळायचं नसेल तर माझं ऐका. वरच्यासारखंच उकळून-हलवून, तेल चोळून, ओव्हन आधी २२० अंशांना तापवून ४० मिनिटं, मध्ये एकदा उलथून. ट्रे रिकामाच आत तापू द्या, मग फोडी ओता, चर्र आवाज आला पाहिजे. एअर फ्रायरमध्ये २०० ला २० मिनिटं पुरतात, पण एका वेळी दोन माणसांपुरतंच होतं. आमच्यात पाच जणं. तिसरा घाणा येईपर्यंत पहिले दोघं हात धुऊन मोकळे.

मालवणी माणूस

जरा अवांतर. बटाटा हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, म्हणून गोवा-महाराष्ट्रात बटाटा आणि वर उत्तरेत आलू. अरबांकडेही तो युरोपातूनच गेला, आणि अरबीत ‘प’ नाही, म्हणून तिथे पटाटा असला तरी त्याचा बटाटाच होणार. बटाटा आणि मिरची, दोन्ही मूळची अमेरिकेतली. लेबनीज ताटलीत लेबनॉनचं काय, तर लसूण, लिंबू आणि तेल. चला, मासे आणायला जातो.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काल रात्री दहावा प्रयत्न केला. मंचरकडच्यांच्या सांगण्यावरून आधी दोन चकत्या तळल्या. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचा बटाटा नापास, चक्क कोळसा. मग मंडईपर्यंत जाऊन नवा बटाटा आणला. दोनदा तळला, झाकण ठेवलं नाही, जिऱ्याचा डबा नवऱ्याकडे देऊन त्याला हॉलमध्ये बसवलं. लसूण अगदी हलू लागला तेव्हा गॅस बंद केला. आणि खरंच, वास आला तो शारजाचा.

आवाज आला. पहिल्या फोडीला आला, दुसरीला आला. तेवढ्यात सासूबाईंचा भाऊ आला, दारात गप्पा झाल्या वीस मिनिटं, आणि टेबलावर येईपर्यंत मऊ. मामांनी दोन पोळ्यांबरोबर खाल्ले आणि म्हणाले, ‘काचऱ्या झकास.’ छोट्या तव्याला चिकटलेला लसूण मी पोळीच्या तुकड्यानं पुसून ओट्याशी उभ्यानंच खाल्ला.

अकरावा रविवारी. दाराची बेल बंद करून.