खारेपाटातला फुटलेला बांध: भात परत लावायचं की तिवरं राहू द्यायची?

खारेपाटकर: आमच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, भरतीचं पाणी अडवणारा शिवाराचा खारबांध सहा वर्षांपूर्वी उधाणाला फुटला. तेव्हाच बुजवला असता तर चार दिवसांचं काम होतं. अर्ज फिरत राहिले, खांड रुंदावत गेली. आज आजोबांच्या भातखाचरात डोक्याच्या वर तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, गेली आहेत. बांध घालायला निघालो की ऐकावं लागतं, "कांदळवन आहे, हात लावू नका." २००५ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशापासून तिवरं तोडायला राज्यभर बंदी आहे, हे मी जाणतो. पण ही जमीन हातांनी घडवलेली आहे. मे महिन्यात ऊन खालचा खार वर ओढतं आणि खाचरात पांढरं मीठ फुलतं. जूनचा पाऊस ते धुतो. ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, ते पाणी खाडीत जातं, भरती चढली की तिच्याच दाबाने झडप मिटते. मीठ उतरल्याशिवाय आमच्यात बी फेकत नाहीत, कारण कोवळं रोप खार सोसत नाही, आणि फुलोऱ्यातलं भातही नाही. पिढ्यान् पिढ्या हे सांभाळलं. ते एका खांडीपायी सोडायचं?

खाडीवरची: दादा, तुमचं नुकसान खरंच मोठं आहे. पण तुमच्याकडचे लोक त्या जागेला "वाया गेली" म्हणतात ते मला लागतं. मी रोज तिथे चिंबोऱ्या धरायला उतरते. वरचा बोटभर चिखल करडा, त्याखाली काळाकुट्ट, सडक्या अंड्याच्या वासाचा. त्यात हवा नाही, म्हणून तिवराची मुळं पेन्सिली रोवल्यासारखी वर येऊन श्वास घेतात. पान चाटून बघा, खारट लागेल, झाड मीठ पानावाटे बाहेर टाकतं. ओहोटीला निवट्या मासे चिखलावर उड्या मारतात, अंग ओलं असेस्तोवर त्यांना पाण्याबाहेरही दम घेता येतो. मुळांच्या जाळीत कोलंबीची पिल्लं दडतात. आणि तुमच्या दारच्या तळ्यातला जिताडा मासा? वाढतो गोड्या पाण्यात, पण अंडी घालायला त्याला खाडीच्या तोंडाचं खारं पाणीच लागतं. पिल्लं भरतीबरोबर आत येतात. खाडी बंद केलीत तर तळ्यात सोडणार काय?

खारेपाटकर: जिताड्याचं पटलं. पण ताई, तळ्यातलं पाणी गोडं राहतं तेही बांधामुळेच. बांध फुटल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात आमची विहीर मचूळ झाली. आई आता लांबून हंडा आणते.

भरतीवेळ: तुम्ही दोघंही एक गोष्ट सोडताय. मी मागच्या अमावास्येला ओहोटीच्या वेळी बांधावरून चालत गेलो. आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. तेवढं पाणी बांधावरून आत येतं, पण बाहेर पडायला एकच अरुंद खांड आहे. खोलगट भागात ते साचूनच राहतं. श्वासाची मुळं सतत बुडालेली राहिली की झाड गुदमरतं. तिथली तिवरं उभ्या उभ्या वाळली आहेत. म्हणजे त्या तुकड्यात भातही नाही आणि कांदळवनही नाही. माझ्या मते उंचावरच्या खाचरांना आतून नवा बांध घालावा. तिथे अजून तिवरं चढलेली नाहीत, आणि पनवेलच्या खारजमीन केंद्राने काढलेली भातं थोडा खार सोसतात. खालच्या बाजूला खांड मोकळी करून भरती-ओहोटी नीट खेळू द्यावी.

सातबारा: बोलायला सोपं आहे. खालची खाचरं ज्यांची, त्यांनी काय करायचं? सातबाऱ्यावर त्यांचंच नाव आहे. पीक नाही, झाड तोडता येत नाही, मोबदल्याचं कुणी बोलत नाही. १९७९ चा खारजमीन विकासाचा कायदा आहे की, तरी बांध फुटकाच. आधी भरपाई ठरवा, मग खाडीला वाट द्या. नाहीतर तुमचा आतला बांध म्हणजे गरिबाच्या जमिनीवर पाणी सोडणं.

खाडीवरची: भरपाई मिळालीच पाहिजे, यात माझा वाद नाही. फक्त त्यासाठी तिवरं कापू नका.

खारेपाटकर: वाळलेल्या तिवरांचं मला ठाऊक नव्हतं. माझे वीस गुंठे त्याच खोलगटात आहेत, आणि सहा वर्षांत मी बांधावरूनच बघून परत फिरलो. येत्या पौर्णिमेला ओहोटी लागली की खाली उतरतो. ताई, तुम्ही कुठून उतरता ते सांगा. माझ्याच शेतात जायची वाट मला आता सापडायची नाही.