पाण्याचा प्रश्न आणि मोटरचा प्रश्न एकाच जातीचे नाहीत

नेहमी म्हणतात की प्रॉब्लेम नीट मांडला की अर्धा सुटतो. विहिरीवरची मोटर चालू होत नसेल तर हे शंभर टक्के पटतं, विजेच्या तिन्ही फेज येतायत का बघा, मग स्टार्टर, मग केबल, सगळं ठीक असेल तरच मोटर वर काढा, उगाच आधीच काढली की दिवस गेला. इथे उत्तर एकच असतं आणि सापडलं की सगळ्यांना मान्य असतं.

पण गावात पाणी पुरत नाही हा प्रश्न घ्या. बोअर कमी पडतात म्हणावं, पाऊस कमी म्हणावं की पीक चुकीचं म्हणावं? जो जशी मांडणी करेल तसं उत्तर, आणि प्रत्येक उत्तरात कुणाचं तरी नुकसान. नियोजनाचे अभ्यासक होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी 1973 मध्ये हेच लिहिलं होतं, की अशा प्रश्नांची सर्वांना मान्य होईल अशी पक्की व्याख्याच नसते.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे गाव मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. सरपंच पोपटराव पवारांच्या काळात तिथे बंधारे, चर, झाडं झालीच, पण खरी अवघड गोष्ट म्हणजे शेतीसाठी बोअर बंद आणि ऊस-केळी नको हे गावाने स्वतः ठरवलं. दरवर्षी पाऊस मोजायचा, माणसं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्यावर ग्रामसभेत पिकं ठरवायची, म्हणजे तोच प्रश्न दरवर्षी नव्याने मांडायचा. कुठल्याही इंजिनिअरला बाहेरून येऊन हे करता आलं नसतं.