मालिकेतले हवेत राहिलेले ट्रॅक: काम जाणणाऱ्यांनी सांगावं

आत्याने देवघराच्या खणात लपवलेलं पत्र शेवटपर्यंत कुणी वाचलंच नाही. धाकटा दीर 'पुण्याला इंटरव्ह्यूला' गेला, त्याला आठ महिने झाले. घोडबंदर रोडला बंगले भाड्याने घेऊन शूटिंग चालतं, त्यामुळे हे काम करणारे ठाण्यात पुष्कळ आहेत. ट्रॅक, म्हणजे मालिकेतलं उपकथानक, नेमका कुठे तुटतो आणि तुटल्यावर काय करतात, ते त्यांनी लिहावं. 'मी अमुक मालिकेत असताना' नको, कुणाची उणीदुणीही नकोत.

पटकथा, नौपाडा

लेखक विसरला, हा प्रेक्षकांचा आवडता समज. पण कथा, पटकथा आणि संवाद बहुतेक वेळा तीन वेगळी माणसं लिहितात. पुढच्या काही महिन्यांच्या आराखड्यातून आठवड्याची वनलाइन, म्हणजे काय घडणार याची थोडक्यात मांडणी, निघते, ती चॅनेलकडून पास झाली की पटकथा, मग संवाद. तिघंही एकाच वेळी विसरतील असं होत नाही. ट्रॅक सोडला जातो तो ठरवून.

तारखा मांडून बघा. समजा १ तारखेला सोमवार आहे आणि त्या दिवशी दिराच्या नोकरीचा ट्रॅक सुरू झाला. टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेचा आठवडा शनिवार ते शुक्रवार, म्हणजे तो ५ तारखेला संपला. आकडे आले गुरुवारी, ११ तारखेला. तोपर्यंत सहा भागांची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, तयार आहे. सोमवार ते शनिवारच्या मालिकेत ती १७ तारखेपर्यंत पुरते. आकडे पाहून केलेला बदल पडद्यावर दिसतो तो १८ला. म्हणून ट्रॅक साधारण तिसऱ्या आठवड्यात पातळ होतो. बँक दोनच भागांची असेल तर त्याच शनिवारी.

पातळ होण्याचीही एक ठरलेली उतरंड आहे. आधी दीर सीनमध्ये असतो. मग तो फोनवर असतो. मग ओट्याशी भाजी चिरता चिरता दोघी जणी त्याच्याविषयी बोलतात. तिथे आला की तो गेलाच.

प्रॉडक्शन, कासारवडवली

वरच्यांनी सगळं टीआरपीवर ढकललं. कलाकारांच्या डेट्सचं, म्हणजे शूटिंगला दिलेल्या तारखांचं काय? दुय्यम कलाकाराशी करार महिन्याला अमुक दिवस असा असतो आणि पैसे दिवसावर. त्याचं नाटक लागलं की शनिवार-रविवार गेले. ठाण्यातल्या गडकरी रंगायतनला दुपारचा प्रयोग असला तर घोडबंदरचं ट्रॅफिक धरून त्याला सकाळीच सोडावं लागतं. अशा माणसाच्या अंगावर लांबचा ट्रॅक टाकायचाच नाही. टाकला तर तो लटकणार.

'मग पात्र मारून का टाकत नाहीत?' असं लोक विचारतात. मरण महाग पडतं म्हणून! मयताला सगळं घर एका फ्रेममध्ये लागतं, म्हणजे दहा-बारा जणांच्या डेट्स एकाच दिवशी जुळवा. वर पांढरे कपडे, शेजारीपाजारी म्हणून ज्युनिअर आर्टिस्ट आणि दिवसकार्य होईपर्यंत घरात एकही हलका सीन घेता येत नाही. गावी पाठवायला एक वाक्य लागतं. शिवाय गावाहून माणूस परत आणता येतो.

कंटिन्युइटी, कोलशेत

पत्राचंच बोलू. आधीच्या सीनशी पुढचा सीन जुळतो का, हे बघणं आमचं काम. सुटलेल्या धाग्यांची वेगळी वही ठेवायची, रोजच्या शीटवर भागत नाही. रकाने पाच: भाग आणि सीन, प्रश्न काय उभा राहिला, वस्तू कुठे ठेवली, ते कोणाकोणाला माहीत आहे, उत्तर कोणत्या भागात दिलं. शेवटचा रकाना रिकामा असलेल्या नोंदी दर शनिवारी पटकथा लेखक आणि क्रिएटिव्ह दोघांना पाठवायच्या. नुसत्या पाठवून उपयोग नाही, समोर बसून वाचायच्या.

चौथा रकाना सगळ्यात दगा देतो. पत्र आत्याला माहीत असतं, दाराआडून सुनेने पाहिलेलं असतं. आत्याचं काम थांबलं की लेखक ते रहस्य सुनेकडे वळवतो. पण मधल्या चाळीस भागांत सुनेचं वागणं काहीच माहीत नसल्यासारखं असतं. आता ती बोलली तर 'मग इतके दिवस गप्प का?' याचं उत्तर नाही. म्हणून पत्रालाच हात लावत नाहीत.

त्यात बंगला बदलला की देवघर बदलतं, खण उजवीकडचा डावीकडे जातो. पत्र स्वतः तर आर्टवाल्यांकडूनही हरवतं. पहिल्या पत्राला दोन घड्या आणि कोपऱ्याला तेलाचा डाग, नवं पत्र कोरं करकरीत. क्लोजअपमध्ये लगेच कळतं. कुठलाही लपवायचा कागद एकाच हस्ताक्षरात तीन प्रतींत करून घ्यावा, तिन्हींना एकाच वेळी घड्या घालून डाग पाडावेत, आणि एक प्रत कंटिन्युइटीच्या फायलीत ठेवावी.

एडिट

कलाकार नसतानाही ट्रॅक मिटवता येतो. जुन्या भागातला पाठमोरा किंवा खिडकीशी उभा असलेला शॉट काढायचा, फोनवरचं बोलणं डब करून घ्यायचं, इकडे ऐकणाऱ्याचा क्लोजअप पॅचमध्ये, म्हणजे नंतर जोडायच्या तुकड्यात, शूट करायचा. चाळीस सेकंदांत काम होतं. अडतं दोन ठिकाणी. जुना शॉट लग्नाआधीचा असेल तर गळ्यात मंगळसूत्र नसतं. आणि फक्त टेलिकास्टची प्रत उरली असेल तर संवाद आणि पार्श्वसंगीत एकात मिसळलेलं. वेगळं निघत नाही, त्यामुळे शॉट मुका वापरावा लागतो. डिस्कवरची जागा रिकामी करायला रशेस, म्हणजे मूळ फुटेज, पुसायच्या आधी प्रत्येक पात्राचे पाच-सहा मुके शॉट वेगळे ठेवावेत.

प्रॉडक्शन, कासारवडवली

कोरोनाचं २०२० राहिलंच. १९ मार्चला शूटिंग थांबलं, नवे भाग दिसू लागले जुलैच्या मध्यावर. मे अखेरच्या सरकारी नियमांत ६५ वर्षांवरच्यांना सेटवर बंदी होती. ७ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली, तोवर बऱ्याच घरांतले आजी-आजोबा पडद्यावरून नाहीसे झाले होते. २०२१च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद. युनिट्स गोवा, सिल्वासा, दमणला गेली आणि अख्खी कुटुंबं अचानक रिसॉर्टवर राहायला लागली. मे महिन्यात गोव्यानेही परवानग्या काढून घेतल्या. बाहेर न्यायचं तर माणसं मोजून. जी ठाण्यात राहिली त्यांचे ट्रॅकही ठाण्यात राहिले. त्या काळातल्या मालिका ओटीटीवर बघताना एवढं लक्षात ठेवा, शिव्या कमी द्याल.

वाशी

बाहेरही हेच. अमेरिकेत ५ नोव्हेंबर २००७ला लेखकांचा संप सुरू झाला, तो १०० दिवस चालला. 'हीरोज' या मालिकेचा दुसरा सीझन ११ भागांतच आवरावा लागला. त्यात नायकाची मैत्रीण केटलिन रोगाच्या साथीच्या भविष्यकाळात अडकलेली होती, ती तिथेच राहिली. तो साथीचा भविष्यकाळ कथेतूनच पुसला, मग तिचं काय झालं हे सांगायला जागाच उरली नाही. आपल्याकडे दूरदर्शनच्या काळात मंजुरी तेरा-तेरा भागांची असायची, आठवड्याला एक भाग म्हणजे बरोबर तिमाही. मुदतवाढीचा भरवसा नसल्याने लेखक तेराव्या भागात गाठ मारून ठेवायचा. रोजच्या मालिकेत अशी सक्तीची गाठ कुठे येतच नाही.

खारघर

पात्र खरंच गेलं का, हे ओळखायला बघणाऱ्यांसाठी एक खूण: शीर्षकगीतातले चेहरे बघू नका, ते पुन्हा शूट करणं खर्चाचं असल्याने महिनोन्‌महिने तसेच राहतात. प्रोमोच्या ग्रुप फोटोत पात्र आहे का ते बघा.

कॉस्च्युम, मानपाडा

थांबलेल्या पात्राचे कपडे लगेच दुसऱ्याला देऊ नयेत. साडी दिली तर निदान ब्लाउज आणि दागिने तरी राखावेत. पेटीवर नाव पात्राचं लिहायचं, कलाकाराचं नाही. वर शेवटच्या सीनचा फोटो चिकटवायचा. ट्रॅक परत उघडतो तेव्हा अनेकदा कलाकार दुसरीच असते आणि सीन मात्र जिथे तुटला तिथूनच हवा असतो, त्याच साडीत. म्हणून ब्लाउज शिवतानाच दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया (शिवणीतलं जादा कापड) ठेवायला सांगावी. उसवून चोवीस तासांत मापाचा होतो.