मदत हवी आहे: माळ्यावर सापडलेली ही लगड कशाची?

आजोळचं घर उतरवायला घेतलंय. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या पंचांगांखाली, फडक्यात गुंडाळलेली एक ओतीव लगड मिळाली. ३० सेंमी लांब, साडेचार रुंद, ३ जाड. एका टोकाला साखळी अडकवता येईल असा ओतीव कान आहे. शिक्का, नाव, आकडा काही नाही. रंग काळपट राखाडी, घासलं की पांढरट चकाकी येते. लोहचुंबक चिकटत नाही.

वाण्याच्या काट्यावर ४ किलो १०० ग्रॅम भरली. काठोकाठ भरलेल्या बादलीत बुडवून सांडलेलं पाणी मोजलं, ते ४०० मिली. म्हणजे घनता १०.२५. घोळ इथेच झाला. चांदीची १०.५ असते हे कळल्यापासून मामा हवेत आहेत. मला शंका आहे, कारण काढताना ती हातातून निसटली आणि कोपऱ्याचा टवकाच उडाला. आतून खडीसाखरेसारखी दाणेदार. चांदी अशी तुटते का? शिसं म्हणावं तर नखाने ओरखडा उठत नाही.

आजोबा छापखान्यात कंपोझिटर होते, धातूकामाशी त्यांचा काही संबंध नव्हता. सोनाराकडे जाऊन हसं करून घेण्याआधी इथे विचारतोय.

प्रतिसाद:
संबंध नव्हता कसा? जन्मभर त्यांनी खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवले ते कशाचे होते? ही बहुधा टाइपाच्या धातूची लगड आहे: शिसं, अँटिमनी आणि थोडं कथील. लायनोटाइपला, म्हणजे धातू वितळवून मजकुराच्या अख्ख्या ओळी ओतणाऱ्या यंत्राला, हे प्रमाण साधारण ८४, १२ आणि ४ टक्के. अँटिमनीने शिसं कडक नि ठिसूळ होतं, गार होताना आकसतंही कमी, म्हणून अक्षराची कड रेखीव उठते. या मिश्रणाची घनता तुमच्या आकड्याइतकीच येते. आणि तो कान! लायनोच्या भट्टीवर अशी लगड साखळीला टांगत. वितळेल तशी ती खाली उतरत जाई.

चांदी ९६१ अंशांना वितळते, हा धातू २४० च्या आसपास. टवक्याला सोल्डरिंग आयर्न लावून बघा, पण खिडकी उघडी ठेवून. गॅसवर, स्वयंपाकाच्या भांड्यात अजिबात नको. हाताळल्यावर साबणाने हात धुवा.

धागाकर्ता:
लावलं. चटकन थेंब झाला. आजोबांच्या छापखान्यात इंग्रजी कामाला लायनो होतं, हे आजीला आता आठवलं. मामा भंगारवाल्याला शिशाचा भाव विचारतायत.