मदत हवी आहे: आइस हॉकीतल्या ‘रोव्हर’ला मराठीत काय म्हणू?

सिएटलमधल्या आमच्या मंडळाच्या मुलांसाठी पाच मिनिटांचं मराठी समालोचन लिहितोय. विषय इथलाच, १९१७चा. त्या मार्चमध्ये सिएटल मेट्रोपॉलिटन्सने मॉन्ट्रियल कॅनडियन्सला मालिकेत ३-१ असं हरवून स्टॅनले कप हा आइस हॉकीतला मानाचा चषक जिंकला. तो जिंकणारा हा अमेरिकेतला पहिला संघ. पहिला सामना ८-४ असा गमावला, मग ६-१, ४-१ आणि शेवटी ९-१! सिएटलच्या बर्नी मॉरिसने चार सामन्यांत १४ गोल ठोकले.

इथवर लिहून झालंय. गाडी अडली ती नियमांपाशी. पश्चिमेकडच्या लीगमध्ये सात खेळाडू, पूर्वेकडच्या लीगमध्ये सहा; म्हणून एक सामना यांच्या नियमांनी, पुढचा त्यांच्या. तो सातवा म्हणजे रोव्हर. बचाव आणि आक्रमण यांच्या मधे राहून गरज पडेल तिकडे धावणारा. सिएटलकडून हे काम जॅक वॉकर करायचा, आणि काठीच्या आकड्याने समोरच्याची पक (खेळातली रबरी चकती) अलगद काढून घ्यायचा.

‘फिरता गडी’ वापरून पाहिलं, तर माझी मुलगी म्हणाली, “बाबा, हा फेरीवाला वाटतो.” ‘मध्यरक्षक’ फुटबॉलचा वाटतो. कबड्डीतही सातच गडी, म्हणून तिथे शोधलं. पण चढाईपटू काही जुळेना.

‘रोव्हर’ तसाच ठेवायचा पर्याय आहे, पण मुलांना ते मंगळावरचं यान वाटतं. शब्द दोन-तीन अक्षरी आणि भरभर बोलताना जीभ न अडखळणारा हवा. गावाकडच्या एखाद्या मैदानी खेळात अशा मोकळ्या गड्याला काही नाव आहे का?